घामाचा थेंब

आमच्या मिस्त्रींना कारखान्यात सगळे 'सोवळे' म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची कोणाची छाती! पाठीमागे. ते काही भटजी नव्हते की देवदेव करणारे नव्हते. राजापूरकडच्या साध्या शेतकऱ्याचा मुलगा, वीज शिकला ती मुंबईच्या गोदीत. पण ट्रेमध्ये एका केबलला दुसरी केबल शिवलेली दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "हात मेल्या, अंतर ठेव!" असं ओरडत ते कारखान्याच्या दुसऱ्या टोकापासून धावत यायचे. मग सोवळे नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

स्वातंत्र्यानंतरची ती चार-पाच वर्षं. कल्याणच्या पुढे, विठ्ठलवाडीच्या अंगाला, कापड रंगवायचा एक नवा कारखाना उभा राहत होता. मी तिथं वायरमन होतो. सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला, डोंबिवलीला दीड खोलीत राहणारा, आणि स्वतःला भलताच शहाणा समजणारा. हे शेवटचं लक्षात ठेवा.

कारखानाभर भिंतीच्या कडेनं, कमरेइतक्या उंचीवर, पत्र्याचे उथळ लांबलचक ट्रे फिरवले होते. तळाला भोकं, दोन्ही बाजूंना काठ. त्यांतून मनगटाएवढ्या जाड केबली जायच्या. वरून पोलादी पट्टी, तिच्या आत शिसं, शिशाच्या आत तेलात मुरवलेला कागद आणि कागदाच्या पोटात तांबं. सगळा खेळ त्या कागदाचा. कागद कोरडा तोवर सगळं आलबेल. कागदाला पाणी लागलं की आज नाही तर महिन्यानं, पण केबल दगा देणार म्हणजे देणारच.

ट्रे बसवून झाला की मिस्त्री डोळे मिटायचे आणि त्याच्या काठावरून तळहात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. मध्येच थांबले की समजायचं, कापलं. हाताला रक्त. मग खिशातून कानस काढून तिथंच उकिडवे बसून तो काठ घासायचे. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, नुसतं बोट लावून बघा ना. सगळा हात कशाला फाडून घेताय?" तर म्हणाले, "माझी कातडी परत येते रे. शिशाची येत नाही."

केबल ओढायची नाही, न्यायची, हा त्यांचा दुसरा मंत्र. आठ-दहा माणसं ती केबल खांद्यावर घेऊन चालायची आणि हे पुढं उलटे चालत, "हळू, हळू, मुरगळू नको तिला," असं म्हणत. वळणावर तर अर्धा तास. कोपऱ्यावर केबल दुमडली की आतला कागद फाटतो, तो बाहेरून दिसत नाही, म्हणून वळण कसं ऐसपैस पाहिजे, हे ते स्वतःचा हात वाकवून दाखवायचे. जवळच्या आगरी गावातला बाळाराम आमच्यात कामाला होता. तो म्हणायचा, "मिस्त्री, सासरला निंगालेल्या पोरीला पन आमी येवरं जपत नाय."

"म्हणून तुमच्या पोरी रडत परत येतात," मिस्त्री म्हणायचे. बाळाराम खो खो हसायचा.

जोडकाम करताना मात्र हसणं-बिसणं बंद. जोड म्हणजे केबलचं टोक उघडायचं, तारा मोकळ्या करायच्या, त्या एका बिडाच्या पेटीत बसवायच्या आणि वरून उकळतं डांबरी कंपाउंड ओतायचं. त्याआधी कागदाची एक चिंधी फाडून ते गरम मेणात टाकायचे आणि कान लावून बसायचे. कागदात ओल असेल तर मेण तडतडतं. "कागद बोलतोय का बघू," म्हणायचे. कपाळाला पंचा घट्ट बांधलेला. माणसाच्या घामाचा एक थेंबही जोडात पडता कामा नये म्हणून. आम्ही उघड्या कपाळानं काम करायचो, तर आमची टाळकी ते स्वतः पुसायचे. पोरांची नाकं पुसतात तशी! लाज वाटायची, दुसरं काय.

घरी गेलो तर तिथंही तेच. कल्याणात पारनाक्याच्या मागं दोन खोल्या, ते आणि वहिनी. मूलबाळ नव्हतं. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच सांगा यांना काही. दोरीवर धोतराला लुगडं लागू देत नाहीत. मध्ये चार बोटं जागा हवी म्हणे, वारा खेळायला. अहो, लुगड्यात काय वीज आहे?" मिस्त्री आतून ओरडले, "तुझ्यात आहे!" वहिनी पदर तोंडाला लावून हसत आत गेल्या. असं ते घर होतं. मी सुखाचं घर म्हणून दुसरं पाहिलेलं नाही.

आणि ते ट्रेमध्ये झोपले तो दिवस! रंगखात्याला आणखी पाच केबली हव्या होत्या आणि साहेबांचं म्हणणं, आहे त्याच ट्रेमध्ये वरच्यावर रचा. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला घाई होती. मिस्त्री म्हणाले, नवा ट्रे बांधा. साहेब म्हणाले, यात एवढी रिकामी जागा दिसतेय ना? मिस्त्री म्हणाले, "ती रिकामी नाही, ती वाऱ्याची जागा आहे. केबली तापतात. एकीच्या अंगावर दुसरी निजवली तर दोघी उकडून मरतील." साहेबांनी आम्हाला केबली उचलायला सांगितलं. आम्ही उचलल्या. बघतो तर मिस्त्री ट्रेमध्ये चढून आडवे झालेले! हात छातीवर, टोपी तोंडावर. "ठेवा. माझ्या अंगावर ठेवा." अख्खा कारखाना गोळा झाला. दुपारी जेवणाचा डबाही त्यांनी तिथंच आडवं पडून खाल्ला, बाळाराम घास भरवत होता. दुसऱ्या दिवशी नव्या ट्रेचा पत्रा आला. हट्टी म्हणजे काय हट्टी. पण त्या ट्रेमधली एकही केबल मी तिथं असेपर्यंत तापली नाही, हेही सांगायला हवं.

आता पुढचं सांगतो. सांगायचं म्हणूनच तर लिहायला बसलो, नाहीतर मला काय लिहायची हौस आहे?

कारखाना दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू व्हायचा होता. आदल्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची, यंत्रांची पूजा. त्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या पेटीत कंपाउंड ओतलं. ते थंड झालं की आक्रसतं, कडेनं फट पडते, म्हणून तीन-चार तासांनी वरून पुन्हा ओतून तोंड बंद करायचं असतं. तोवर पेटीचं तोंड उघडं. त्यांनी त्यावर कोरडं फडकं घातलं आणि मला म्हणाले, "इथं तू. पूजा करा, हार घाला, कुंकू लावा, माझं काही म्हणणं नाही. नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडा. आत पाण्याचा थेंब नको." तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं आणि ते ऑफिसात गेले.

आम्ही ट्रेला झेंडूचे हार घातले. पेटीला कुंकवाची बोटं लावली, कानस, पक्कड, पाने मांडले, उदबत्ती लावली. नारळ हातात घेऊन मी पायरीकडे निघालो, तर बाळाराम म्हणाला, "बाहेर? आरं, देवी हितं न नारल पायरीवं? तिला काय उंबऱ्याभायेर उभी करतंस?" बाकीचेही म्हणायला लागले, यंत्रासमोरच फुटला पाहिजे, उद्या काही झालं तर? खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. नारळ यंत्रासमोर फोडायचा नाही तर कुठं? मिस्त्रींचं म्हणजे सगळ्यातच अती. आणि त्या दिवशी त्यांच्यामागं सगळ्यांत वरचा मी होतो ना! मी वळलो. हाताशी टणक असं एकच होतं, ट्रेच्या खालचा लोखंडी अँगल. त्याच्यावर नारळ हाणला.

एकाच फटक्यात फुटला. सगळे "वा!" म्हणाले. पाणी अर्धं माझ्या मनगटावरून खाली गेलं आणि बाकीचं खालच्या पेटीवर. फडकं चिंब.

मी फडकं उचललं. कंपाउंडवर पाणी चमकत होतं. माझ्या रुमालानं मी ते टिपलं. वरचं टिपलं गेलं, पण कडेच्या फटीत गेलं ते कसं टिपणार? बाळारामानं पेटीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "पूजेचा पानी हाय. त्यानं काय होत नाय." मी दुसरं कोरडं फडकं शोधून वर घातलं. ओलं खिशात कोंबलं. कोणी कोणाला 'सांगू नका' म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही.

मिस्त्री आले ते लालबुंद होऊन. त्यांना पेटी बंद केल्यावर दोन दिवस हवे होते, पुन्हा तपासायला. साहेब उद्याचा मुहूर्त सोडायला तयार नव्हते. मी पुढं होऊन त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"कुठं फोडलास?"

"पायरीवर."

त्यांनी तुकडा तोंडात टाकला. "गोड निघाला," म्हणाले.

मग कंपाउंडची बादली उचलून ते पेटीत ओतायला लागले. कडेला कुठंतरी चर्र झालं. बारीक, डाळीत फोडणीची मोहरी पडावी एवढंच. दुसऱ्या कोणाला ऐकूही आलं नसतं. मिस्त्रींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाणी?"

अहो, त्या क्षणी सांगितलं असतं तर काय झालं असतं? शिव्या दिल्या असत्या. पेटी फोडून पुन्हा भरायला लागली असती, मुहूर्त हुकला असता, साहेब माझ्यावर खवळले असते. बस्स, एवढंच. एवढ्याशा शिव्यांना मी भ्यायलो. त्यांच्या कपाळाकडे माझी नजर गेली. रागाच्या भरात पंचा बांधायचा राहिला होता. कपाळ घामानं डवरलेलं. आणि माझ्या तोंडून गेलं, "मिस्त्री, तुमच्या घामाचा थेंब पडला."

त्यांनी कपाळाला हात लावला. ओला हात बघत राहिले. कधी नव्हे ते ओशाळले. "पंचा विसरलो रे," म्हणाले, आणि पंचा बांधून मग त्यांनी पेटी पुरती भरली.

नंतर मेगर लावला. हातानं फिरवायचं ते यंत्र, कागद धड आहे की नाही ते काटा सांगतो. काटा उत्तम दाखवत होता. पाणी अजून कागदापर्यंत पोचायचं होतं, एवढाच त्याचा अर्थ. मिस्त्रींनी तीनदा फिरवून पाहिलं. तीनदा उत्तम. माझाही जीव भांड्यात पडला. मला वाटलं, चला, निभावलं.

दसऱ्याला कारखाना सुरू झाला. पेढे वाटले. मिस्त्री रोज सकाळ-दुपार सगळ्या ट्रेवरून फेरी मारायचे आणि प्रत्येक पेटीला उलटा हात लावून बघायचे, ताप आलाय का म्हणून. वसुबारसेच्या दुपारी त्यांनी त्या मोठ्या पेटीवर हात ठेवला आणि पेटी फुटली.

मी वीस पावलांवर होतो. बार झाल्यासारखा आवाज आणि काळा धूर. उकळतं कंपाउंड त्यांच्या तोंडावर आणि दोन्ही हातांवर बसलं होतं. ते ओरडलेसुद्धा नाहीत. "लाइन बंद करा, आत कोणी जाऊ नका," एवढं म्हणाले आणि खाली बसले. दोन्ही डोळे गेले. हात राहिले, पण बोटं एकमेकांना चिकटून आखडलेली.

चौकशीला मुंबईहून माणूस आला. पेटीत पाणी गेल्याचं त्यानं अचूक ओळखलं. कुठून गेलं, ते मिस्त्रींनीच सांगितलं. डोक्याला पट्ट्या, खाटेवर पडलेले, आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाले, "पंचा बांधला नव्हता. माझा घाम पडला. आवाजही ऐकला होता मी. ऐकूनही पुढं ओतलं. दोष माझा." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. साक्षीदार म्हणून. मला विचारलं, तुम्ही पाहिलंत? मी म्हटलं, हो.

बाळारामानं महिन्याभरात काम सोडलं आणि गावात जाऊन शेती करायला लागला. नंतर एकदा बाजारात समोर आला तर त्यानं मान फिरवली. मिस्त्रींची जागा मला मिळाली. मी कडक नियम काढला, कपाळाला पंचा बांधल्याशिवाय जोडाला हात लावायचा नाही. नवीन माणसांना कारण सांगायचो, एक फार मोठा मिस्त्री होता, त्याच्या घामाच्या एका थेंबानं घात केला. माणसं ऐकून लगेच पंचा बांधायची. थू माझ्या जिभेवर!

मी दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जायचो. ते खिडकीशी बसलेले असायचे. मांडीवर दोरखंडाचा तुकडा, त्याचे पेड सुटे केलेले, आणि त्या आखडलेल्या बोटांनी ते जोड करत असायचे. वहिनी म्हणायच्या, "दिवसभर तेच चालतं. रात्री झोपेतही कपाळ पुसतात." दोरीवर कपडे आता कसेही वाळत असत, एकावर एक. त्यांना दिसत नव्हतं आणि वहिनींना मन लागत नव्हतं. मला पाहिलं की मिस्त्री विचारायचे, "इथं होता ना रे मी वाकलेला? थेंब डाव्या बाजूला पडला असेल. नाही? आवाज डावीकडून आला होता." मी म्हणायचो, असेल. सहा वर्षं असेल असेल करत काढली.

मग कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत, सिंधमधून आलेल्या पोरांसाठी, वायरमनचा वर्ग निघाला. तिथल्या मास्तरांनी कोणाकडून तरी मिस्त्रींचं नाव ऐकलं आणि घरी आले. डोळे नसले तरी चालेल, म्हणाले, नुसतं बोला, केबल कशी न्यायची, ट्रे कसा भरायचा, मुलं तुमच्या सांगण्यावरून हात चालवतील. वहिनींनी मला निरोप पाठवला, लगेच या. गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा वहिनींच्या तोंडावर तरतरी दिसली. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नको म्हणतायत. तुमचं ऐकतील. गेले तर जगतील हो, नाहीतर त्या दोरीतच संपतील."

मी मिस्त्रींसमोर बसलो. म्हटलं, "मिस्त्री, का नाही म्हणता?"

"ज्याच्या घामानं जोड फुटला त्यानं पोरांना काय शिकवायचं? उद्या एखादं पोर माझ्यासारखंच विसरेल. कोणाचे डोळे जातील. नको."

मग मी बोललो. सगळं. नारळ, अँगल, चिंब झालेलं फडकं, खिशातला रुमाल, पायरीवर फोडला म्हणालो ते, घामाचा थेंब म्हणालो ते. "घाम नव्हता मिस्त्री. नारळाचं पाणी होतं. मी होतो. तुमचा जोड चोख होता. आयुष्यात तुमचा एकही जोड चुकला नाही." बोलताना रडलो. तोंड फोडा माझं, म्हटलं, काय वाटेल ते करा, पण त्या पोरांकडे जा.

मला वाटलं, आता हात उगारतील. उगारावा असं फार वाटत होतं. त्यांनी हात पुढं केला, चाचपत माझं डोकं शोधलं आणि केसांवरून फिरवला.

"मेल्या," ते म्हणाले, "माझ्यासाठी एवढं अंगावर घेतोस?"

"नाही हो! खरं सांगतोय. तुमच्या पायाची शपथ."

"पूजेच्या नारळानं कोणाचं वाईट होईल होय? आणि मी सांगितल्यावर तू आत फोडशील? तू?" ते हसले. किती वर्षांनी हसले. "पोर नाही मला, पण पोरानं केलं नसतं ते केलंस. आता पुन्हा असं बोलू नकोस. आपलं नाव उगाच खराब करू नये." मग आतल्या खोलीकडे तोंड करून ते मोठ्यानं म्हणाले, "अगं, ऐकलंस? मला बरं वाटावं म्हणून हा खोटं बोलायला आलाय. चहा टाक याला."

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि मला कळलं की यांना पटलंय, शब्द न् शब्द पटलाय. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

आम्ही दोघं बसून राहिलो. आतून कसलाच आवाज येईना.

"अगं, चहाचं काय झालं?" मिस्त्रींनी पुन्हा हाक मारली. मग मला म्हणाले, "रॉकेल संपलं असेल. पण तू चहा घेतल्याशिवाय जायचं नाहीस, बस."

मी बसलो.